शीटमध्ये रेट चुकतायत? एररपेक्षा शून्याला घाबरा

मार्च संपत आला की मला ठरावीक फोन सुरू होतात. "अहो, टेंडरची मॅनपॉवरची शीट बिघडलीय, रेट येत नाहीयेत. जरा बघता का?" मी पुण्यात एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत प्लॅनिंग आणि कॉस्टिंगचं काम करतो. आमची, मित्रांची, मित्रांच्या मित्रांची अशा कितीतरी शीट्स आजवर सरळ केल्यात. रचना सगळीकडे एकच. एका फाइलीत रेट मास्टर असतो: एम्प्लॉयी कोड, नाव, हुद्दा, ताशी बिलिंग रेट. दुसऱ्या फाइलीत प्लॅन असतो: कोण, कुठल्या महिन्यात, किती तास. आणि मधे व्हीलुकअप, म्हणजे कोड शोधून मास्टरमधला रेट प्लॅनमध्ये आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला. शिव्या व्हीलुकअप खातं. चूक बहुतेक वेळा मास्टरमध्ये निघते.

लक्षणं

तुमची शीट यातलं काय करतेय ते आधी बघा.

काही ओळींत #एन/ए (म्हणजे "शोधलेलं सापडलं नाही") दिसतं, बाकीच्या नीट असतात. किंवा रेटच्या जागी शून्य येतं. किंवा रेट दिसतो, पण खालची बेरीज त्याला मोजत नाही. मास्टरमध्ये रेट बदलला तरी प्लॅनमध्ये जुनाच राहतो. कुणाला तरी भलत्याच माणसाचा रेट लागतो. एकूण खर्च अपेक्षेच्या दुप्पट येतो, नाहीतर इतका कमी येतो की आधी आनंद होतो आणि मग घाम फुटतो.

#एन/ए आलं तर नशीबवान समजा. ती शीट निदान ओरडून सांगतेय. माझ्या अनुभवात पैसे बुडवले ते गप्प बसणाऱ्या शीट्सनी.

पहिली पाच मिनिटं, फुकटातली

फाइलीची कॉपी करा आणि पुढचं सगळं कॉपीवर करा. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी मूळ फाइलीवर प्रयोग करून फोन करतं.

मग कॅल्क्युलेशन तपासा. "फॉर्म्युलाज" टॅबमध्ये "कॅल्क्युलेशन ऑप्शन्स" उघडा. तिथे "मॅन्युअल"वर खूण असेल तर मास्टरमध्ये काहीही बदला, एफ-९ दाबेपर्यंत प्लॅन ढिम्म हलणार नाही. "मी तर हे कधी बदललंच नाही" असं सगळेच म्हणतात, आणि ते खरंही असतं. त्या दिवशी सगळ्यात आधी उघडलेली फाइल ज्या मोडमध्ये सेव्ह केलेली असते, तोच मोड एक्सेल नंतर उघडलेल्या फाइलींनाही लावतं. अकाउंट्समधून आलेली जडशीळ फाइल सकाळी पहिल्यांदा उघडलीत की दिवसभर सगळ्याच फाइली मॅन्युअल.

तसंच लिंक बघा. मास्टर वेगळ्या फाइलीत असेल तर "डेटा" टॅबमध्ये "एडिट लिंक्स" असतं, नव्या आवृत्तीत त्याचं नाव "वर्कबुक लिंक्स". ती लिंक नेमक्या कुठल्या फोल्डरमधल्या कुठल्या फाइलीकडे जातेय ते वाचा. "रेट मास्टर फायनल" आणि "रेट मास्टर फायनल नवा" या दोन फाइली शेजारी शेजारी नांदत असलेलं ऑफिस तुम्हीही पाहिलं असेल. गुगल शीट्समध्ये इम्पोर्टरेंज (दुसऱ्या फाइलीतला डेटा ओढणारा फॉर्म्युला) वापरत असाल आणि #रेफ! आलं, तर त्या सेलवर जाऊन परवानगीचं बटण दाबलंय का ते बघा. पहिल्यांदा जोडताना ते दाबावंच लागतं.

आणखी एक. तुमच्या कॉम्प्युटरवर एक्सलुकअप, म्हणजे व्हीलुकअपचा नवा अवतार, चालतं, पण साइट ऑफिसला फाइल पाठवली की #नेम? येतं? तिथे एक्सेल २०१९ किंवा त्याआधीचं असणार. एक्सलुकअप एक्सेल २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत आणि ३६५ मध्येच आहे. तिथे काही बिघडलेलं नसतं, शोधाशोध करू नका. इंडेक्स-मॅच, म्हणजे हेच काम करणारी दोन फॉर्म्युल्यांची जुनी जोडी, वापरा आणि पुढे चला.

बुरखा काढा

फॉर्म्युल्यात इफएरर (एरर आली तर तिच्या जागी दुसरं काही दाखवणारा) आहे का? आणि त्याच्या शेवटी शून्य आहे का? असेल तर आत्ताच्या आत्ता काढा.

माझं यावर ठाम मत आहे, आणि त्याला कारण आहे. एका टेंडरच्या आदल्या रात्री एकूण रक्कम मला जरा हलकी वाटली. प्लॅन बघितला. दोन डिझायनर, प्रत्येकाचे ९६० तास, रेट ९०० रुपये. म्हणजे दोघांचे मिळून १७ लाख २८ हजार. शीटमध्ये त्यांच्यापुढे शून्य होतं. दोघं फेब्रुवारीत रुजू झालेले, मास्टरमध्ये त्यांचे कोडच नव्हते. #एन/ए दिसायला बरं दिसत नाही म्हणून कुणीतरी त्यावर इफएररचा बुरखा चढवला होता. तास दिसत होते, नावं दिसत होती, आणि चाळीस ओळींच्या शीटमध्ये दोन शून्यांकडे कोण बघतं?

शून्याऐवजी "रेट नाही" असे शब्द टाका. तासांनी गुणलं की त्या ओळीत #व्हॅल्यू! येईल, आणि खालची बेरीजही मोडेल. मोडू दे. रेट नसलेल्या माणसासकट टेंडरची बेरीज नीट दिसणं हाच धोका आहे.

व्हीलुकअपचा शेवटचा भाग

भलत्याच माणसाचा रेट लागत असेल तर इथे बघा. व्हीलुकअपमधली चौथी गोष्ट, म्हणजे फॉल्स किंवा शून्य, लिहिलेली आहे का? ती सोडून दिली तर एक्सेल ट्रू धरतं, म्हणजे "अगदी तोच नसेल तर त्याच्या आधीचा जवळचा दे". मास्टरमध्ये १०४, ११२, ११८ हे कोड आहेत आणि तुम्ही नव्या माणसाचा ११५ विचारलात, तर ते निमूटपणे ११२ चा रेट आणून देतं. एरर येत नाही, रंग बदलत नाही. ज्युनिअरला सीनिअरचा रेट लागून जातो. शिवाय यादी चढत्या क्रमाने नसेल तर काय हाती येईल याचा नेमच नाही.

तिसरी गोष्ट, म्हणजे कॉलमचा नंबर, तीही बघून घ्या. एचआरने मास्टरमध्ये मधेच "ग्रेड" नावाचा कॉलम घातला की रेट चौथ्यावरून पाचव्यावर सरकतो, पण फॉर्म्युल्यातला ४ तसाच राहतो. रेटच्या जागी हुद्दा आला तर लगेच कळतं. जुना रेट आला तर कळत नाही. एक्सलुकअप किंवा इंडेक्स-मॅचमध्ये ही भानगड नाही, म्हणून नवी शीट करताना मी व्हीलुकअपला हातच लावत नाही.

आकडा खरंच आकडा आहे का

रेट दिसतोय पण बेरजेत धरला जात नाही, याचा अर्थ तो आकडा नसून आकड्याच्या वेशातला मजकूर आहे. मास्टरमध्ये रेटचा कॉलम निवडा आणि खाली उजवीकडे पट्टीवर बघा. फक्त "काउंट" दिसत असेल आणि "सम" दिसत नसेल, तर सगळा कॉलम मजकूर आहे. काहीच सेल तसे असतील तर इझनंबरचा (सेलमध्ये आकडा आहे का ते सांगणारा) फॉर्म्युला शेजारच्या कॉलममध्ये ओढून फॉल्स शोधा.

आपल्याकडे याचं एक खास देशी कारण आहे: "१२००/-". बिलावर पुढे आकडा घुसडू नये म्हणून ही शेपटी जोडायची सवय हाताला लागलेली असते, आणि मास्टर भरणारा ती इथेही जोडतो. एक्सेलला त्यात आकडा दिसतच नाही. "रु. १२००" चीही तीच गत. फाइंड-रिप्लेसने शेपट्या काढा. नुसताच मजकूर झालेला आकडा असेल तर एका रिकाम्या सेलमध्ये १ लिहून कॉपी करा, रेट निवडा, पेस्ट स्पेशलमध्ये "मल्टिप्लाय". सगळे एका झटक्यात आकडे होतात.

इथे एक फसवं वागणं माहीत असू द्या. मजकूर झालेल्या रेटला तासांनी गुणलं तर एक्सेल स्वतःच त्याचा आकडा करून बरोबर गुणाकार देतं. पण सम किंवा समइफ्स (अटींत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज) मात्र तोच सेल मुकाट्याने वगळतात. म्हणून ओळी बरोबर आणि सरासरी रेट चूक, असलं विचित्र चित्र दिसतं.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधून रेट काढत असाल तर ही पायरी चुकवू नका. तिथल्या रिसोर्स शीटमधला "स्टँडर्ड रेट" चलनाचं चिन्ह आणि मागे "प्रति तास"ची खूण घेऊनच येतो, म्हणजे मजकूरच. शिवाय प्रोजेक्टमध्ये एका माणसाला ए ते ई असे पाच रेट टेबल असतात आणि प्रत्येकात तारखांनुसार वेगवेगळे रेट भरता येतात. रिसोर्स शीटवर तुम्हाला दिसतो तो त्यातला एकच. पुढच्या वर्षीचा रेट आत भरून ठेवला असेल, तरी तो आपोआप तुमच्या शीटमध्ये येणार नाही.

कोड दिसतात सारखे, असतात वेगळे

#एन/ए ची निम्मीअधिक प्रकरणं इथे संपतात, म्हणून इथे वेळ द्या.

मास्टरमध्ये दिसणारा आणि प्लॅनमध्ये दिसणारा, दोन्ही कोड रिकाम्या सेलमध्ये बरोबरच्या चिन्हाने जोडून बघा. फॉल्स आलं तर दोन्हींची लांबी लेन फॉर्म्युल्याने मोजा. एक ४ आणि एक ५ निघाली तर मागे जागा सुटलीय, ट्रिम लावा. ट्रिम लावूनही ५ च राहिली तर ती साधी स्पेस नाही. पोर्टलवरून किंवा वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात १६० नंबरची न तुटणारी स्पेस येते आणि ट्रिम तिला हात लावत नाही. सब्स्टिट्यूटमध्ये कॅर १६० देऊन ती काढावी लागते.

लांबी ३ आणि ४ आली तर पुढचं शून्य गेलंय. ०४५७ हा कोड सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) अगदी बरोबर होता, पण ती फाइल डबल-क्लिकने उघडलीत की एक्सेलने त्याचा ४५७ केला. सीएसव्ही कधीही डबल-क्लिकने उघडू नका. "डेटा" टॅबमधून "फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही" घ्या आणि कोडच्या कॉलमला टेक्स्ट करा.

या ठिकाणी मी स्वतः एकदा अर्धा दिवस घालवलाय. काउंटइफ (अटीत बसणारे सेल मोजणारा फॉर्म्युला) सांगत होतं कोड मास्टरमध्ये आहे, व्हीलुकअप सांगत होतं नाही. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते. काउंटइफला "०४५७" हा मजकूर आणि ४५७ हा आकडा सारखेच वाटतात; व्हीलुकअपला ते वेगळे. त्यामुळे कोड आहे की नाही हे काउंटइफवरून ठरवू नका, मॅचने ठरवा.

आणि कृपा करून नावावरून रेट ओढू नका. एक तर दोन कुलकर्णी असतात. दुसरं म्हणजे मराठीत नावं भरलेली असतील तर एक गंमत आहे, जी इंग्रजी शीट वापरणाऱ्याला कधी भेटत नाही. "कऱ्हाडे" हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. काही कीबोर्ड ऱ्ह साठी नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. लेन लावा: एकाची लांबी ७, दुसऱ्याची ८. ज्याने मास्टर भरला तो एका कीबोर्डवर, ज्याने प्लॅन भरला तो दुसऱ्या. आणि बिचाऱ्या कऱ्हाडेंना दर महिन्याला #एन/ए. कोड वापरा. नाव फक्त डोळ्यांसाठी ठेवा.

एप्रिलचा रेट, मार्चचा रेट

आता जरा कठीण. प्लॅन ऑक्टोबर ते सप्टेंबर असा असेल तर मधे १ एप्रिल येतो आणि रेट बदलतो. मास्टरमध्ये त्याच कोडच्या दोन ओळी होतात. व्हीलुकअप वरून खाली बघतं आणि पहिली ओळ मिळाली की थांबतं. जुनी ओळ वर असेल तर वर्षभर जुनाच रेट. नवी वर असेल तर मागच्या महिन्यांनाही नवा.

मी मास्टरमध्ये "पासून" आणि "पर्यंत" असे दोन तारखांचे कॉलम ठेवतो आणि समइफ्सने रेट काढतो: कोड जुळला पाहिजे, "पासून" महिन्याच्या तारखेइतकी किंवा आधीची, "पर्यंत" तितकी किंवा नंतरची. चालू रेटची "पर्यंत" रिकामी सोडू नका, कारण रिकामा सेल अटीत बसत नाही आणि रेट शून्य येतो. तिथे ३१-१२-२०९९ टाका. दुसरा धोका बेरजेचा. दोन ओळींच्या तारखा एक दिवस जरी एकमेकींवर आल्या, तर १२०० आणि १३५० मिळून २५५० चा रेट लागतो. एकूण खर्च दुप्पट दिसत असेल तर सगळ्यात आधी हेच बघा. शेजारी त्याच अटींचा काउंटइफ्स ठेवा. प्रत्येक ओळीत १ च आला पाहिजे. ० आला तर रेट नाही, २ आला तर दोन आहेत.

तारखाही खऱ्या आहेत का ते बघा. कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं असेल तर सीएसव्हीतली ०१-०४-२०२५ ही ४ जानेवारी होते, आणि १५-०४-२०२५ ला पंधरावा महिनाच नसल्याने ती मजकूर म्हणून पडून राहते. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजा हेच झालंय. डावीकडच्या दुरुस्त करून भागत नाही; उजवीकडच्यांमध्येही महिना आणि दिवस उलटलेले असतात. फाइल पुन्हा आणा, आणताना तारखेचा क्रम सांगून आणा.

तासांचा चोविसावा भाग

छोटी गोष्ट, पण वर्षातून एकदा तरी भेटतेच. टाइमशीटमधून तास ८:३० असे आले आणि रेट १२००. उत्तर १०,२०० हवं, येतं ४२५. एक्सेल वेळ हा दिवसाचा भाग म्हणून साठवतं, त्यामुळे उत्तर चोवीसपट लहान येतं. तासांना २४ ने गुणा आणि सेलचं फॉरमॅट जनरल करा. संपलं.

रेट बरोबर आला, पण हाच हवा होता का

शीट तांत्रिकदृष्ट्या निर्दोष झाल्यावर हा प्रश्न विचारायला लोक विसरतात. बिलिंग रेट म्हणजे क्लायंटकडून आपण घेतो तो. लेबर कॉस्ट म्हणजे तो माणूस आपल्याला पडतो ती किंमत. खर्चाच्या प्लॅनमध्ये बिलिंग रेट ओढला तर नफा धरूनच खर्च दिसतो, आणि मग मॅनेजमेंट म्हणतं, प्रोजेक्ट परवडत नाही.

साधं उदाहरण घ्या. महिन्याला ६०,००० पडणारा इंजिनिअर, २२ दिवस, रोज ८ तास, म्हणजे १७६ तास. ताशी साधारण ३४१ रुपये. पण त्याचे सगळे तास प्रोजेक्टवर लागत नाहीत. सुट्ट्या, मीटिंगा, रिकामे दिवस धरून तीन चतुर्थांश लागले तर १३२ तास, आणि ताशी ४५५. बिलिंग रेट १२०० असेल तर हे तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. कुठल्या कॉलममध्ये कुठला आहे ते डोक्यावर स्पष्ट लिहा.

रेट कार्डवरचा आकडा जीएसटीसकट आहे का तेही बघा. १४१६ सारखा वाकडा रेट दिसला की त्याला १.१८ ने भागून बघतो मी. गुळगुळीत १२०० निघाला, की कुणीतरी १८ टक्के आत कोंबलेत. आणि एखाद्याचा रेट इतरांच्या आठपट असेल तर त्याला पगारवाढ मिळालेली नाही, दिवसाचा रेट ताशी कॉलममध्ये बसलाय.

पॉवर क्वेरी असेल तर

पॉवर क्वेरी म्हणजे बाहेरच्या फाइलीतला डेटा शीटमध्ये आणणारी एक्सेलची सोय. इथपासून पुढे हात जरा जपून. डेटा आणताना क्वेरी सुरुवातीच्या २०० ओळी बघून कॉलमचा प्रकार ठरवते आणि "चेंज्ड टाइप" नावाची पायरी गुपचूप घालते. ०४५७ चं शून्य तिथेही गळतं. ती पायरी काढा किंवा कोडला टेक्स्ट करा. "कॉलम सापडला नाही" अशी एरर आली तर मूळ फाइलीत कुणीतरी शीर्षक बदललंय. क्वेरीत बदल करण्याआधी त्या माणसाला फोन करा, कारण तो पुढच्या महिन्यात पुन्हा बदलणार आहे.

इथे थांबा

वरचं सगळं करून झाल्यावर तीन माणसं निवडा: एक जुना, एक नवा, एक ज्याचा रेट मध्यंतरी बदलला. त्यांचा हिशोब कॅल्क्युलेटरवर करा. तिघांचा जुळला नाही तर आणखी फॉर्म्युले रचत बसू नका. माझी स्वतःची मर्यादा दोन तासांची आहे. त्यानंतर मी नव्या चुका घालायला लागतो.

रेट सॉफ्टवेअरमधून थेट जोडणीने येत असतील आणि जोडणीच तुटली असेल, तर ते आयटीचं किंवा त्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टचं काम. मॅक्रो दुसऱ्याने लिहिलेला असेल आणि तो माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर मॅक्रो जाणणाऱ्याला पैसे देऊन बोलवा. मास्टरला पासवर्ड असेल तर तो फोडायचे उपाय नेटवर शोधू नका. त्या फाइलीत बहुधा लोकांचे पगार आहेत, आणि तुम्हाला ते दिसू नयेत असं कुणीतरी ठरवलंय. एचआरकडून फक्त कोड आणि रेट एवढे दोन कॉलम मागून घ्या.

चुकीच्या रेटने बिलं आधीच क्लायंटकडे गेली असतील तर शीट दुरुस्त करण्याआधी अकाउंट्सला सांगा. क्रेडिट नोट काढायची की डेबिट नोट, आणि जीएसटीच्या रिटर्नमध्ये ती कुठे धरायची, हे सीएचं काम. तसंच माणशी खर्च काढताना पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे जुने टक्के डोळे झाकून लावू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात आणि "वेतन" म्हणजे काय याची व्याख्या बदललीय. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. तुमच्या पगाररचनेला ते कसं लागतं हे पेरोलवाल्याकडून किंवा सीएकडून लिहून घ्या, आणि तो कागद मास्टरच्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या मार्चमध्ये तो शोधायला तुम्हीच येणार आहात.